घर घेणाराचा माणूस

मराठींत ‘दलाल’ हा शब्द आपण नाक मुरडूनच उच्चारतों. मूळ शब्द अरबी असून वाट दाखविणें या अर्थाच्या धातूपासून तो झालेला आहे. आपल्याकडे त्याला जी अवकळा आली तिला कारण शब्द नव्हे, धंदा. घरांत कोणी जागा घेण्याचा विषय काढला कीं वडीलमंडळी पहिली अट घालतात ती हीच कीं, “मध्यें दलाल नको.” ह्या अटीमागें कळकळ आहे आणि थोडाबहुत अनुभवहि आहे. तथापि प्रस्तुत लेखांत मी वाचकांपुढें बरोबर उलट मत मांडणार आहें. घर विकत घेणाराला एक जाणता मध्यस्थ अवश्य पाहिजे. मात्र तो घेणाराचा स्वतःचा पाहिजे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो असें म्हणतात. ह्या धंद्यांतला दोन घरचा पाहुणा दोन्हीकडे जेवून तृप्त होतो, आणि उपाशी राहतो तो बिचारा यजमान.

प्रथम नेहमींचा प्रकार पाहूं. जागा पाहण्याचें मनांत आलें कीं कोणा स्नेह्याच्या ओळखीनें एक तरुण गृहस्थ येतो. तो आपल्याला स्वतःच्या गाडींत बसवून चार घरें दाखवितो, उन्हांत उसाचा रस पाजतो, घरच्या बायकांना मावशी, वहिनी म्हणतो. दोन रविवार असे गेले म्हणजे तो आपलाच माणूस असें आपण धरून चालतों, आणि न सांगावयाची गोष्ट त्याला सांगून टाकतों: “मागतात पंचावन्न, पण अगदींच अडलें तर साठपर्यंत जाऊं.” आतां ह्या गृहस्थाचे पैसे कोण देतो? नव्या इमारतींतील फ्लॅट असेल तर बहुधा बिल्डर देतो. जुनें घर असेल तर पुष्कळदां विकणारा व घेणारा असे दोघेहि टक्केवारीनें देतात. पहिल्या प्रकारांत तो उघडच दुसऱ्याचा नोकर झाला. दुसऱ्यांत तो कोणाचाच नाहीं. व्यवहार एकदां उरकावा एवढेंच त्याचें हित.

येथें एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घर साठ लक्षांचें आणि दलाली शेंकडा एक धरली तर त्याला ६०,००० रुपये मिळतील. त्यानें पराकाष्ठा करून भाव सत्तावन्नावर आणला तर आपले तीन लक्ष वांचतात, आणि त्याला ५७,००० मिळतात, म्हणजे त्याचें स्वतःचें ३,००० चें नुकसान होतें. हें नुकसान तसें क्षुल्लकच. खरी अडचण वेळेची आहे. भाव उतरविण्यांत महिना गेला, मध्यंतरीं विकणाराचें मन फिरलें, तर साठही हजार गेले! म्हणून “आजच इसार देऊन टाका, उद्यां दुसरें गिऱ्हाईक येतंय” हा मंत्र त्याच्या तोंडीं असतो. मनुष्य दुष्ट असतो असें नाहीं. त्याला ज्या रीतीनें मोबदला मिळतो तिच्यांतच घाई ठेवलेली आहे.

हा घोटाळा केवळ आपल्याच देशांत आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत १९८३ सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या एका अहवालांत असें दिसून आलें कीं, आपल्याला घरें दाखवीत हिंडणारा दलाल हा आपलाच प्रतिनिधि, अशी घर घेणाऱ्या बहुसंख्य लोकांची समजूत होती. कायद्याच्या दृष्टीनें मात्र तो बहुतेक वेळां विकणाराचा उपप्रतिनिधि असे. घेणारानें विश्वासानें सांगितलेलें गुपित विकणाराला कळविणें हें त्याचें कर्तव्यच ठरे! पुढें १९९० नंतर तेथें घेणाराचे वेगळे प्रतिनिधि ही चाल रूढ झाली. केवळ घेणाऱ्यांचेंच काम करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्थाहि १९९५ सालीं निघाली. पण त्यांचा मोबदला विकणाराच्या पैशांतून येत राहिला, आणि त्यावरून तंटे माजले. ऑक्टोबर १९९० च्या दशकांतला नव्हे, अगदीं अलीकडचा, २०२३ सालचा मिसूरी राज्यांतला निकाल प्रसिद्ध आहे. ज्यूरीनें दलालांच्या संघटनेविरुद्ध व कंपन्यांविरुद्ध सुमारें १८० कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. त्यानंतर झालेल्या तडजोडीप्रमाणें १७ ऑगस्ट २०२४ पासून त्या संघटनेच्या दलालानें घर दाखविण्यापूर्वीं घेणाराशीं लेखी करार करावा, आणि आपला मोबदला त्यांत स्पष्ट लिहावा, असा नियम झाला. इतक्या धनाढ्य व कायदेबाज देशाला हें साधें सूत्र गवसण्यास इतकीं वर्षें लागलीं, हें पाहून आपल्याला खंत वाटण्याचें कारण नाहीं.

आपल्या पूर्वजांना अशा मध्यस्थाची गरज कां भासली नाहीं, असें कोणी विचारील. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत वास्तुविक्रयाचा विचार आहे. घर विकावयाचें तर घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा, आणि ह्यांनीं सोडल्यावर परक्यांचा. आसपासच्या चाळीस कुटुंबांसमक्ष घराच्या दारीं विक्री जाहीर करावयाची, सीमा बिनचूक सांगावयाच्या, तीन वेळां पुकारा करावयाचा, आणि कोणी हरकत घेतली नाहीं म्हणजे घेणाराला तें घर घेतां यावयाचें. मिताक्षरेंतहि भूमि हस्तांतरित होतांना ग्राम, ज्ञाति, शेजारी व दायाद ह्यांच्या संमतीचा उल्लेख असून विज्ञानेश्वरानें त्याचीं कारणें दिलीं आहेत. ग्रामाची संमति व्यवहाराला प्रसिद्धि मिळावी म्हणून. शेजाऱ्यांची, सीमेचा तंटा राहूं नये म्हणून. याचा अर्थ असा कीं त्या काळीं सारा गांवच घेणाराच्या बाजूचा साक्षीदार होता. ज्या घरांत आपण राहणार त्याच्या भिंतीचा इतिहास शेजारची म्हातारी सांगत असे. आज शहरांत जिन्यावर भेटणाऱ्याचें आडनांव आपल्याला ठाऊक नसतें. गांव गेला, त्याच्या जागीं कोणीतरी बसविणें भाग आहे.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत ही गोष्ट विशेषच जाणवते. गुलमंडी, औरंगपुरा ह्या जुन्या वस्त्यांत कोणाचा वाडा कोणाकडे गहाण आहे हें पानाच्या ठेल्यावर कळत असे. पुढें गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत सिडकोचें नवें नगर उभें राहूं लागलें, १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाजचा कारखाना आला, आणि शहर चोहोंकडे पसरलें. आतां शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी आणि समृद्धि महामार्ग यांच्या वार्तांनीं तर दर चार महिन्यांनीं जमिनीच्या भावाला ताप चढतो. नोकरीनिमित्त बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला हर्सूल कोठें, पडेगांव कोठें, सातारा म्हणजे येथला कीं तिकडचा, एवढ्यापासून आरंभ करावा लागतो.

आणि येथली जमीन साधी नाहीं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. इनामें, मदद-माश, खिदमत-माश, देवस्थानांच्या व दर्ग्यांच्या जमिनी, असे नाना प्रकार त्या राजवटींतून आपल्याकडे आले. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यानें संरक्षित कुळांना हक्क दिले. १९५४ च्या कायद्यानें इनामें रद्द झालीं, पण सगळीं सारख्याच रीतीनें नव्हे. १९५४-५५ चें खासरा पाहणीपत्रक हा अजूनहि मराठवाड्यांतील जमिनीच्या जन्मपत्रिकेचा पाया समजला जातो. त्यापूर्वींचे कागद बहुधा उर्दूंत. ते वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. राज्याच्या वक्फ मंडळाचें मुख्य कार्यालय आमच्याच शहरांत पाणचक्कीपाशीं आहे. तेथें एक हेलपाटा घातला असतां जो उलगडा होतो तो नंतर न्यायालयांत दहा वर्षें घालूनहि होईलच असें नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे तीन शब्द असतात. ते वाचून घेणारा पुढें सरकतो, कारण त्यांचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. अशी जमीन सरकारच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं हें विकणाराच्या दलालाला पक्कें ठाऊक असतें. तो खोटें बोलत नाहीं. विचारल्याशिवाय बोलत नाहीं, इतकेंच.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त कारकुनांची हकीकत सांगतों. भविष्यनिर्वाह निधीची बरीचशी रक्कम घालून त्यांनीं बीड वळणरस्त्यापलीकडे एक भूखंड घेतला. व्यवहार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर झाला. आमच्याकडे त्याला ‘बॉण्डवरचा प्लॉट’ म्हणतात. विकणारा, त्याचा लेखनिक आणि तो गोड बोलणारा मध्यस्थ असे तिघे एका अंगाला होते. ह्यांच्या अंगाला होती ती फक्त ह्यांची पत्नी. तिनें एकच प्रश्न विचारला, “सात-बारावर आमचें नांव कधीं लागणार?” त्यावर मध्यस्थ हंसून म्हणाला, “वहिनी, इकडे सगळे असेच घेतात.” तें खरेंहि होतें! सगळे तसेच घेत होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीची स्थावर वस्तु नोंदणीकृत दस्तावांचून विकली जात नाहीं, हें त्या चौघांपैकीं तिघांना माहीत असावें. भूखंड शेतजमिनीचा तुकडा होता. बिगरशेती आदेश नव्हता, मंजूर नकाशा नव्हता. पुढें २००१ च्या गुंठेवारी कायद्यानें, व २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. पण त्या वाटेवर शुल्क आहे, नकाशे आहेत, आणि रस्त्यासाठीं सोडावी लागणारी जागा आहे. मूळ मालकाच्या मुलांनीं मध्यंतरीं हरकत घेतली ती वेगळीच. त्या गृहस्थांनीं घर बांधलें तें शेवटीं टिकलें, परंतु निवृत्तीनंतरचीं सहा वर्षें कचेऱ्यांच्या बांकांवर गेलीं. पत्नीच्या प्रश्नाला उत्तर मिळविण्यासाठीं त्या दिवशीं त्यांच्या बाजूचा एक जाणता मनुष्य तेथें असता तर त्याला अर्धा तास पुरला असता.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांसाठीं आणखी एक बाब सांगणें अवश्य आहे. वडिलोपार्जित घर विकावयास निघतें तेव्हां दोघे-तिघे भाऊ सह्या करण्यास तयार असतात. बहिणींचें काय? महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सबंध देशांत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीहि जन्मतः सहदायाद झाल्या. आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क कायम आहे असा निर्वाळा दिला. “बहिणींची कांहीं हरकत नाहीं हो, त्या तिकडे पुण्याला असतात,” हें वाक्य मीं स्वतः दोन बैठकींत ऐकलें आहे. विकणाराचा मध्यस्थ ह्या वाक्यावर मान डोलावतो. घेणाराचा मध्यस्थ पुण्याचा पत्ता विचारतो. बहिणीची सही येण्यास तीन आठवडे लागतात, क्वचित् घरांतलें जुनें दुखणें वर येतें. परंतु नंतर येणाऱ्या दाव्यापेक्षां तें पुष्कळ स्वस्त. बहिणीलाहि न्याय मिळतो, हा भाग निराळा, पण तो मला लहान वाटत नाहीं.

आतां कायद्यानें असा ‘आपला माणूस’ नेमतां येतो काय? येतो, आणि तोहि आजकालचा नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत प्रतिनिधीचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत: मालकाच्या सूचनेप्रमाणें वागणें, धंद्याला शोभेल इतकें कौशल्य दाखविणें, हिशेब देणें, अडचणीच्या वेळीं मालकाला विचारणें. २१६ व्या कलमाखालीं दिलेलें उदाहरण तर जणूं आपल्या विषयासाठींच रचलें आहे. एकानें आपल्या प्रतिनिधीला अमुक घर आपल्यासाठीं घेण्यास सांगितलें. प्रतिनिधीनें तें मिळत नाहीं असें कळवून स्वतःच विकत घेतलें. हें उघडकीस आल्यावर त्यानें ज्या किंमतीस घेतलें त्याच किंमतीस तें आपल्याला देण्यास मालक त्याला भाग पाडूं शकतो. दीडशें वर्षांपूर्वींच्या कायदेपंडितांना हा मोह चांगलाच ठाऊक होता, असें दिसतें. पण हें सारें संरक्षण केव्हां, तर तो मनुष्य आपला प्रतिनिधि असेल तेव्हां. चहा पाजल्यानें कोणी प्रतिनिधि होत नाहीं.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतों, दलालांनाहि नोंदणीच्या शिस्तींत आणलें. नोंदणी न झालेल्या प्रकल्पांतलें घर त्यानें विकण्यास मदत करूं नये, घेणाराला ज्या कागदांचा हक्क आहे ते नोंदणीच्या वेळीं मिळवून द्यावेत, असे नियम आहेत. २०२३ सालीं महारेरानें त्यांना प्रशिक्षण व परीक्षाहि लावली. दलालांना परीक्षा! ज्यानें आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या त्याला याहून गोड वार्ता कोणती? ह्याच कायद्याप्रमाणें नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं बिल्डरला किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं, आणि घराचें क्षेत्र चटईक्षेत्रानेंच सांगावें लागतें. मात्र जुन्या घराच्या फेरविक्रीला ह्या कायद्याचें छत्र सहसा नाहीं. तसेंच तो कायदा दलाल नोंदवितो. तो कोणाच्या बाजूचा हें ठरवून देत नाहीं. तें आपण ठरवावयाचें.

कोणी म्हणतील, वकील असतांना हा आणखी खर्च कशाला? वकील कागद पाहतो, आणि तीस वर्षांचा शोध घेण्याचें काम त्याचेंच. त्याला पर्याय नाहीं. पण वकील आषाढांत जाऊन तळमजल्यांत पाणी सांचतें कीं नाहीं हें पाहत नाहीं. आमच्या शहरांत घर घेणाराचा पहिला प्रश्न नळाला पाणी कितव्या दिवशीं येतें हा. जायकवाडीचें धरण एवढें जवळ असून हा प्रश्न विचारावा लागतो, ही आमची जुनीच व्यथा. त्याचें उत्तर विकणारा देतो तें एक, आणि समोरच्या घरांतील बाईंनीं अंगणांत मांडलेलीं पिंपें देतात तें दुसरें. शेजारचें घर सहा महिन्यांपूर्वीं किती किंमतीस गेलें, सोसायटीची बाकी किती, वाहन उभें करण्याची जागा करारांत लिहिली आहे कीं नुसती बोटानें दाखविली आहे, सिडकोच्या घराचा पट्टा अजून मूळ धारकाच्याच नांवें राहिला आहे काय, हीं कामें हिंडून करावयाचीं आहेत. आणि सर्वांत मोठें काम म्हणजे “हें घर घेऊं नका” असें सांगणें. जो घर विकलें तरच जेवतो त्याच्या तोंडून हें वाक्य निघणें कठीण.

म्हणूनच मोबदल्याची रीत बदलली पाहिजे. टक्केवारी नको, ठरीव रक्कम असावी, ती कामाच्या तीन टप्प्यांनीं द्यावी, आणि व्यवहार मोडला तरी पहिल्या दोन टप्प्यांची त्याला मिळावी. आपल्या मंडळींना हें जड जातें, हें मी जाणून आहें. जें घर घेतलेंच नाहीं त्यासाठीं पैसे मोजावयाचे! पण वैद्याला आपण रोग न निघाल्याबद्दल फी देतोंच कीं. प्रत्येकालाच हा खर्च परवडेल किंवा लागेल असेंहि मी म्हणत नाहीं. सख्ख्या मावसभावाचें, डोळ्यांदेखत बांधलेलें घर घेतांना वकील पुरे. परक्या वस्तींत, परक्याकडून, जन्माची पुंजी ओततांना मात्र हात आंखडूं नये.

माणूस निवडतांना त्याचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. घरांतील मुलें तें पांच मिनिटांत करतात. ज्या भागांत घर पाहिजे त्याच भागांत तो वावरणारा असावा. मग एक साधें पत्र लिहावें. आम्ही अमुक भागांत, अमुक रकमेपर्यंत घर पाहत आहों. आपण केवळ आमच्या वतीनें काम करावें. ह्या व्यवहारांत विकणाराकडून वा बिल्डरकडून कसलाहि मोबदला घेऊं नये, आणि देऊं केल्यास आम्हांस कळवावें. आमची मर्यादा कोणाला सांगूं नये. आपला मोबदला इतका. खालीं दोघांच्या सह्या, तारीख. एवढ्यानें तो १८७२ च्या कायद्यांतला प्रतिनिधि होतो. पत्राच्या बैठकीला घरांतील बायकांनीं अवश्य बसावें. घर स्त्रीच्या नांवें घेतल्यास आपल्या राज्यांत निवासी जागेच्या मुद्रांकशुल्कांत एक टक्क्याची सूट १ एप्रिल २०२१ पासून आहे. हें कांहीं त्यांच्या बैठकीला बसण्याचें कारण नव्हे, पण पुरुषमंडळींना पटविण्यास उपयोगीं पडतें.

अशा अटींवर काम करणारा मनुष्य मिळणें आमच्या शहरांत अद्यापि सोपें नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी ह्या धंद्यांत आहे. वर्गांत शेवटच्या बांकावर बसे, पण हिशेबाला पक्का. त्याला मीं ही कल्पना सांगितली तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, लोक पत्र लिहून द्यायला तयार होत नाहींत. सही म्हटली कीं घाबरतात.” पुढें सहा महिन्यांनीं आला तो तीन पत्रें घेऊन. एक गारखेड्यांतील शिक्षिकेचें, एक वाळूजच्या कामगाराचें, एक परदेशीं असलेल्या मुलाच्या आईवडिलांचें. शिक्षिकेसाठीं त्यानें तोंवर दोन घरें नाकारलीं होतीं. एकाच्या नकाशावर जिना नव्हता. तिन्ही पत्रें मीं वाचून पाहिलीं, आणि एकांत ‘प्रतिनिधि’ चुकीचा लिहिला होता तो दुरुस्त करून दिला.